कुंपणच शेत खाते!

नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडी हे गाव देशाच्या कोणत्याही आंतरराष्ट्रीय सीमेपासून शेकडो मैल दूर आहे. तेथे काटेरी तार नाही, शोधदिव्यांचे मनोरे नाहीत, बंदूकधारी पहारा नाही. तरीही सीमा म्हणजे काय आणि कुंपण कोणाच्या सोयीसाठी घातले जाते, हे या गावाला व त्याच्या पंचक्रोशीला जितके अनुभवाने कळते, तितके दिल्लीत नकाशे पसरून बसलेल्या धुरीणांना कळत असेल असे मानण्यास फारसा आधार नाही. कारण हा जिल्हाच मुळी सीमेवरचा आहे. पश्चिमेस गुजरात, उत्तरेस नर्मदेपलीकडे गुजरात आणि मध्य प्रदेश. नवापूरच्या रेल्वे स्थानकावर तर एकाच फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत. १ मे १९६० रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य दुभंगले तेव्हा त्या वेळच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यातील १५६ गावे गुजरातेत गेली. भिल्ल, मावची, कोकणी, पावरा यांना ही रेघ कोणी विचारून आखली नव्हती. सोयरीक पलीकडे राहिली, बाजार पलीकडे राहिला, देव पलीकडे राहिला. माणसे मात्र पूर्वीप्रमाणेच ये-जा करीत राहिली, कारण त्या रेघेवर कोणी तार ओढली नाही.

आज देशाच्या सीमांविषयी जी भाषा सर्वत्र ऐकू येते, ती तारेची भाषा आहे. सीमा सच्छिद्र आहेत, म्हणून घुसखोरी होते. घुसखोरी होते, म्हणून बेकारी वाढते, गुन्हे वाढतात. सबब कुंपण घाला, ते उंच करा, त्यात वीज खेळवा, वर कॅमेरे बसवा, म्हणजे राष्ट्र सुरक्षित होईल, असा हा सरळसोट तर्क आहे. सभेत तो टाळ्या मिळवतो, निवडणुकीत मते मिळवतो. समाजवादी कार्यकर्त्यांपैकीही अनेकजण या तर्कापुढे निरुत्तर होतात किंवा देशद्रोहाचा शिक्का बसेल या भयाने गप्प राहतात. म्हणून या तर्काची एकेक कडी तपासून पाहणे अगत्याचे आहे.

तारेचा हिशेब

भारताची भूसीमा सुमारे १५,१०७ किलोमीटर लांबीची आहे. त्यांपैकी बांगलादेशाशी ४,०९७, चीनशी ३,४८८, पाकिस्तानशी ३,३२३, नेपाळशी १,७५१, म्यानमारशी १,६४३ आणि भूतानशी ६९९ किलोमीटर. उरलेली थोडी अफगाणिस्तानच्या वाट्याला येते, आणि ती पाकव्याप्त प्रदेशाला लागून आहे. या सीमेत थरचे वाळवंट आहे, कच्छचे रण आहे, हिमालयाची शिखरे आहेत, सुंदरबनातील भरती-ओहोटीच्या खाड्या आहेत आणि दर पावसाळ्यात पात्र बदलणारी ब्रह्मपुत्रा आहे. नदी सरकते तेव्हा सीमा कोठे राहते, याचे उत्तर लोखंडाच्या खांबापाशी नाही.

बांगलादेशाच्या सीमेवरील कुंपणाला १९८६ साली मंजुरी मिळाली. त्याच्या आदल्या वर्षी झालेल्या आसाम करारातही त्याचा अंतर्भाव होता. तेव्हापासून केंद्रात नाना रंगांची सरकारे आली आणि गेली. कुंपणावर मात्र सर्वांचे एकमत राहिले. २०२५ च्या आरंभी सरकारने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे ४,०९७ पैकी सुमारे ३,२३२ किलोमीटर सीमेवर कुंपण झाले होते. ८६४ किलोमीटर बाकी होते आणि त्यांतील सुमारे १७५ किलोमीटरवर ते घालणेच शक्य नव्हते. म्हणजे चाळीस वर्षांच्या खटाटोपानंतरही पाचवा हिस्सा उघडाच आहे. दलदल, नद्या, दरडी, भूसंपादनातील तंटे, शेजारी देशाचे आक्षेप ही सरकारनेच सांगितलेली कारणे आहेत. चार भिंतींच्या घराला तीन बाजूंनी पोलादी दारे बसवून चौथी बाजू मोकळी ठेवणाऱ्याला कोणी शहाणा म्हणत नाही. येथे त्यालाच राष्ट्रभक्ती म्हणतात.

म्यानमारच्या सीमेची कथा याहून बोलकी आहे. १८२६ च्या यांदाबूच्या तहानंतर ब्रिटिशांनी आखलेल्या रेषांनी नागा, मिझो, कुकी-चिन या जमातींना मधोमध चिरले. लोंगवा या नागा गावात तर गावप्रमुखाच्या घरातूनच सीमारेषा जाते. स्वतंत्र भारताने शहाणपण दाखवून या लोकांना सीमेच्या दोन्ही बाजूंस सोळा किलोमीटरपर्यंत मुक्त संचाराची मुभा दिली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती मुभा रद्द करण्याची आणि सबंध १,६४३ किलोमीटर सीमेला कुंपण घालण्याची घोषणा झाली. मिझोराम आणि नागालँडच्या विधानसभांनी काही आठवड्यांतच विरोधाचे ठराव केले. रस्त्यांसह या कुंपणासाठी सुमारे ३१ हजार कोटी रुपयांचा अंदाज सांगितला गेला. भागाकार केला तर किलोमीटरला जवळजवळ १९ कोटी रुपये पडतात. २०१२ च्या राज्य मानव विकास अहवालात नंदुरबार जिल्हा महाराष्ट्रात तळाशी होता. अशा जिल्ह्यातील कार्यकर्त्याने एवढाच प्रश्न विचारावा: डोंगरातील एका किलोमीटर तारेच्या पैशात सातपुड्यातील किती पाड्यांना दवाखाना आणि पाणी मिळाले असते?

बऱ्हाणपूरपर्यंतचे काटेरी कुंपण

कुंपण अपुरे आहे म्हणून ते अपयशी ठरते, पुरे केले तर यशस्वी होईल, असे कोणी म्हणेल. त्याने आपल्याच भूमीचा इतिहास वाचावा. तापीच्या काठावरील प्राचीन खानदेशाची राजधानी बऱ्हाणपूर. जी तापी पुढे प्रकाशाजवळून वाहत नंदुरबार जिल्हा ओलांडते, तिच्याच काठचे हे शहर. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने पंजाबातील लेय्यापासून या बऱ्हाणपूरपर्यंत काटेरी झाडांचे कुंपण वाढवले होते. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग यांची ती जिवंत भिंत काही ठिकाणी दोन पुरुष उंचीची होती. जेथे झाड जगेना तेथे वाळलेल्या काट्यांचे ढीग किंवा दगडी भिंत. १८६९ च्या सुमारास सिंधूपासून महानदीपर्यंतची ही जकातरेषा सुमारे २,३०० मैल लांब होती आणि जवळजवळ १२ हजार माणसे तिच्यावर रात्रंदिवस पहारा करीत होती. जो ॲलन ह्यूम पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत अग्रभागी होता, तोच काही वर्षे या खात्याचा आयुक्त होता आणि जिवंत कुंपण वाढवण्याचा पुरस्कर्ता होता.

हे सर्व कशासाठी? शत्रूच्या सैन्यासाठी नव्हे, तर मिठासाठी. बंगालच्या बाजूस मिठावरील कर जबर, पश्चिमेस मीठ स्वस्त. ज्या वस्तूवाचून गरिबाचे एक दिवस चालत नाही, तिच्या किमतीत कृत्रिम अंतर निर्माण करायचे आणि ते टिकवण्यासाठी बारा हजार माणसे काट्यात उभी करायची, असा तो कारभार होता. मीठ आले नाही काय? आलेच. उंटांच्या तांड्यांनी कुंपण फोडले, रात्री पोती पलीकडे फेकली गेली, आणि पहारेकऱ्यांनी लाच खाल्ली. अखेर १ एप्रिल १८७९ रोजी ही रेषा सोडून देण्यात आली. काटे कमी पडले म्हणून नव्हे. सांभर सरोवरासारखी मिठाची उगमस्थाने सरकारने ताब्यात घेतली, कर तेथेच वसूल होऊ लागला, प्रांताप्रांतांतील दरांचे अंतर कमी करण्यात आले आणि कुंपणाचे प्रयोजनच संपले. कर मात्र राहिला. तो मोडण्यासाठी १९३० साली दांडीला जावे लागले.

या इतिहासातून निघणारा नियम साधा आहे. ज्या दोन प्रदेशांत वस्तूच्या किंवा श्रमाच्या किमतीत मोठे अंतर असते, त्यांच्यामध्ये प्रवाह सुरू होतो. कुंपण हा प्रवाह थांबवत नाही, त्याच्यावर खंडणी बसवते. ती खंडणी कोण खातो, एवढाच प्रश्न उरतो.

खंडणी कोण खातो?

नंदुरबारच्या वाचकाला याचा पुरावा दूर शोधावा लागत नाही. गुजरातेत १९६० पासून दारूबंदी आहे. महाराष्ट्रात सरसकट नाही. नवापूरपासून पुढच्या वाटांवर दोन्ही राज्यांचे पोलीस आहेत, उत्पादन शुल्काची पथके आहेत, तपासणी आहे. तरीही दारू जाते. पकडला जातो तो टेम्पोचा चालक किंवा डोक्यावर खोके वाहणारा मजूर. साठा करणारा व्यापारी क्वचितच. उलट १ जुलै २०१७ रोजी वस्तू आणि सेवा कर आला आणि राज्यांच्या सीमांवरील विक्रीकराचे नाके उठले, तेव्हा त्या नाक्यांवरचा चोरटा धंदा आपोआप बसला. त्या कराचे अन्य दोष कोणी कितीही दाखवावेत, पण फरक नाहीसा झाला की नाका नाहीसा होतो, हे त्यानेही सिद्ध केले.

बांगलादेशाच्या सीमेवरही हेच घडते. गुरे एका बाजूस स्वस्त, दुसऱ्या बाजूस महाग, आणि कायदेशीर व्यापाराला बंदी. मग तारेच्या दोन्ही बाजूंना दलालांची साखळी उभी राहते आणि तारेचा राखणदारही तिच्यात ओढला जातो. गुरांच्या तस्करीच्या प्रकरणात नोव्हेंबर २०२० मध्ये सीबीआयने सीमा सुरक्षा दलाच्या एका कमांडंट दर्जाच्या अधिकाऱ्याला अटक केली, ही नोंद सार्वजनिक आहे. एका अधिकाऱ्यावरील आरोपावरून सबंध दलाला दोषी धरणे अन्यायाचे होईल. घरापासून हजार मैलांवर, चिखलात आणि डासांत, रात्र रात्र उभा राहणारा जवान हा शेतकऱ्याचाच मुलगा आहे. पण ज्या व्यवस्थेत बंदीमुळे वस्तूची किंमत वाढते आणि बंदी उठवण्याचा अधिकार रात्रीपुरता एका माणसाच्या हाती असतो, त्या व्यवस्थेत कुंपणाने शेत खाणे हा अपघात नव्हे; तो त्या व्यवस्थेचा स्वभाव आहे.

वस्तूंपेक्षाही महत्त्वाचा माल म्हणजे श्रम. दिवाळी सरली की नंदुरबार जिल्ह्यातील गावागावांतून आदिवासी कुटुंबे दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. मुकादम आगाऊ उचल देतो, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुले फडात वाढतात, हिशेब मुकादमाच्या वहीत राहतो. ही माणसे भारताचे नागरिक आहेत, त्यांच्या वाटेत तार नाही. तरीही केवळ राज्याची रेघ ओलांडल्याने ती परकी होतात. तेथे त्यांचे मत नाही, म्हणून पुढारी नाही. तेथील भाषेत त्यांची तक्रार कोणी लिहून घेत नाही. १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी कायदा झाला, पुढे तो २०२० च्या संहितेत विलीन करण्यात आला. उसाच्या फडापर्यंत त्यातले फारसे काही पोहोचले नाही.

आता या मजुराच्या वाटेत तार उभी केली आहे अशी कल्पना करावी. तो जायचा थांबेल काय? घरी धान्य नसेल तर थांबणार नाही. मग काय बदलेल? तार ओलांडून देणारा दलाल उभा राहील, त्याची दलाली उचलीत मिळवली जाईल, कर्ज दुप्पट होईल. पलीकडे गेल्यावर मजुरी मागण्याचीही सोय उरणार नाही, कारण तोंड उघडले की पोलिसांत देण्याची धमकी तयार असेल. मजूर स्वस्त होईल आणि मालक निर्धास्त. बंगालच्या तारेवर नेमके हेच होते. बेकायदा ठरवलेला मजूर मालकाला हवाच असतो. तो कायदेशीर झालेला मात्र नको असतो. म्हणून ज्या शहरांत घुसखोरीविरुद्ध सर्वांत मोठ्या घोषणा होतात, त्याच शहरांत इमारतींच्या बांधकामावर आणि भंगाराच्या गोदामांत नाव-गाव न विचारता माणसे कामाला घेतली जातात. घोषणा आणि भरती या दोन्हींचा लाभ एकाच वर्गाला होतो.

अमेरिकेचा अनुभव याला दुजोरा देतो. मेक्सिकोतील शेतमजूर पूर्वी हंगामाला येत आणि हंगाम सरला की घरी परतत. १९९० च्या दशकात सीमेवरचा बंदोबस्त वाढवण्यात आला. ओलांडणे महाग आणि जीवघेणे झाले. परिणाम असा की, एकदा आलेला मजूर परत जाईनासा झाला आणि त्याने कुटुंबही तिकडेच नेले. जे थांबवायचे होते तेच कुंपणाने कायम केले.

पीक संरक्षणाचा धडा

शहादा-तळोद्याच्या भागाला कुंपणाचा आणखी एक अनुभव आहे, आणि तो रक्ताने लिहिलेला आहे. तापीकाठच्या काळ्या जमिनी सावकारी आणि फसव्या कागदांनी आदिवासींच्या हातून गेल्या. जमिनीचा मालक मजूर झाला, आणि भुकेला मजूर आपल्याच जुन्या शेतात कणीस तोडताना चोर ठरला. मग धनिक शेतकऱ्यांनी पीक संरक्षण सोसायट्या काढल्या, पगारी रखवालदार नेमले, आदिवासींना पकडून दंड आणि मारहाण सुरू केली. २ मे १९७१ रोजी पाटीलवाडीला गोळीबार झाला आणि आदिवासीचा बळी गेला. त्या काळी जमीनदारांचीही भाषा हीच होती: पिकाचे रक्षण, शिस्त, घुसखोरांचा बंदोबस्त.

हा तंटा रखवालदार वाढवून मिटला नाही. अंबरसिंग महाराजांनी आदिवासींना उभे केले, १९७२ मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली, गेलेल्या जमिनींचा हिशेब मागण्यात आला, मजुरीच्या दरासाठी संप झाले. १९७४ साली आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा झाला आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा विधिमंडळाने मंजूर केला. प्रश्न पूर्ण सुटला असे कोणी म्हणणार नाही. पण जेवढा सुटला तेवढा जमीन, मजुरी आणि रोजगार यांच्या मार्गाने सुटला. दंडुक्याच्या मार्गाने तो केवळ चिघळला. शहाद्याने पन्नास वर्षांपूर्वी जे शिकवले, ते दिल्लीने आजही शिकायचे ठेवले आहे.

आधार असूनही निराधार

सीमेवर जी तार अपुरी पडते, ती आता देशाच्या आत आणली जात आहे, आणि हा खरा धोका आहे. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरात काम करणाऱ्या, बंगाली बोलणाऱ्या काही मजुरांना परकी समजून पकडण्यात आले आणि सीमेपलीकडे ढकलण्यात आले. ते पश्चिम बंगालचे, म्हणजे भारताचेच नागरिक असल्याचे दिसून आल्यावर त्यांना परत आणावे लागले. न्यायाधीशासमोर उभे न करता, आपले म्हणणे मांडण्याची संधी न देता, या देशाच्या नागरिकाला देशाबाहेर टाकले जाऊ शकते, हे त्या महिन्यात दिसून आले. त्यांचा अपराध दुहेरी होता: ते गरीब होते, आणि त्यांची भाषा पोलिसाला परकी वाटली.

याचा कळसाडीशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध अगदी जवळचा आहे. देशातील पहिले आधारपत्र याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी देशाच्या पंतप्रधानांच्या उपस्थितीत एका आदिवासी स्त्रीला देण्यात आले. आता गरिबाला ओळख मिळाली, त्याला कोणी नाकारू शकणार नाही, असे तेव्हा सांगितले गेले. २०१६ च्या आधार कायद्याने मात्र स्पष्ट केले की, हा क्रमांक नागरिकत्वाचा पुरावा नव्हे. मग पुरावा कोणता? जन्माचा दाखला? सातपुड्यातील पाड्यावर जन्मलेल्या किती वृद्धांपाशी तो आहे? जमिनीचा उतारा? जमीन तर केव्हाच गेली. शाळेचा दाखला? जे मूल सहा महिने उसाच्या फडात असते त्याचे नाव पटावर टिकत नाही. ज्या जिल्ह्यातील शंभरांतील ६९ माणसे आदिवासी आहेत, ज्यांची बोली भिलोरी वा पावरी आहे आणि जी वर्षातील काही महिने परराज्यात राबतात, त्या जिल्ह्याने बंगाली मजुराची गत पाहून स्वस्थ बसणे म्हणजे आपल्या पाळीची वाट पाहणे होय. बोलीवरून परका ओळखण्याची सवय एकदा शासनाला लागली की ती एका भाषेपाशी थांबत नाही.

सुरक्षेचा प्रश्न खोटा नाही

येथे एक इशारा आपल्याच मंडळींना देणे आवश्यक आहे. सर्व सीमा कृत्रिम आहेत, सबब त्यांचे रक्षणच नको, असे बोलणारे काही सज्जन चळवळीत आहेत. ती भूमिका भाबडी आहे. शस्त्रे घेऊन येणारा माणूस आणि कोयता घेऊन येणारा माणूस एक नव्हे. पंजाब आणि जम्मूच्या सीमेवर सशस्त्र टोळ्या येतात, तेथे पहारा हवा आणि गरज तेथे अडथळाही हवा. प्रश्न इतकाच आहे की, तार हाच उपाय आहे काय?

अनुभव काय सांगतो? पंजाबच्या सीमेवर १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून कुंपण आहे. तरी जुलै २०१५ मध्ये गुरुदासपूर जिल्ह्यात आणि जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या विमानतळावर हल्ले झाले. जम्मूत तारेखालून भुयारे निघाली, आता तारेवरून ड्रोन येतात. २००८ साली मुंबईवर हल्ला करणारे समुद्रातून आले. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंद्रा बंदरात जवळजवळ तीन हजार किलो हेरॉईन पकडले गेले. ते तारेखालून सरपटत आले नव्हते, कागदपत्रांसह कंटेनरमधून आले होते. आणि महाराष्ट्राने १९९३ कसे विसरावे? १२ मार्च रोजी मुंबईत २५७ माणसे मारली गेली. ती स्फोटके रायगडच्या किनाऱ्यावर, शेखाडीला आणि दिघीला उतरली होती. पुढे न्यायालयाने ज्यांना दोषी ठरवले त्यांत सीमाशुल्क खात्याचे अधिकारी आणि पोलीसही होते. तेथे पहारा होता. पहारा विकला गेला होता. छिद्र सीमेला नव्हते, ते शासनयंत्रणेला होते.

आणि कुंपणाची खरी किंमत कोण देतो? १९७५ च्या भारत-बांगलादेश मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे शून्यरेषेपासून दीडशे यार्डांच्या आत संरक्षणात्मक बांधकाम करायचे नाही, म्हणून कुंपण भारताच्या आतून जाते. त्याच्या पलीकडे भारतीयांचीच शेते आणि घरे राहतात. पंजाबातही हजारो एकर जमीन अशी तारेपलीकडे आहे. स्वतःच्या शेतात जाण्यासाठी शेतकऱ्याने ओळखपत्र दाखवायचे, फाटक उघडेल तेव्हा जायचे, मिटायच्या आत परतायचे. ७ जानेवारी २०११ रोजी कूचबिहारच्या सीमेवर बापाबरोबर घरी परतताना एक पंधरा वर्षांची मुलगी तारेत अडकली आणि गोळीने मारली गेली. तिचे प्रेत काही तास तारेवर लटकत राहिले. ती लग्नासाठी आपल्या देशात परत चालली होती. तिच्या मरणाने कोणते राष्ट्र सुरक्षित झाले?

मग करावे काय?

तारेशिवाय मार्ग नाही, हे खरे नाही. नेपाळशी १९५० च्या तहाने सीमा खुली आहे. तंटे होतात, पण राष्ट्र बुडालेले नाही. भारत आणि बांगलादेश यांच्या पोटात एकमेकांच्या भूमीचे १६२ तुकडे होते, १११ भारताचे आणि ५१ बांगलादेशाचे. त्यांत राहणाऱ्या हजारो माणसांना कोणतेच राज्य नव्हते. १९७४ साली करार झाला, तो अमलात यायला ४१ वर्षे लागली. परंतु ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री हा गुंता एकही गोळी न झाडता सुटला. २०११ पासून मेघालयाच्या सीमेवर आठवडी हाट भरू लागले. जो भाजीपाला आणि कापड काल चोरटा माल होता, तो आज बाजाराचा माल झाला. ज्या मार्गाने १८७९ साली मिठाचे कुंपण निरर्थक ठरले, तोच हा मार्ग आहे.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. शेजारी देशांतून येणाऱ्या हंगामी मजुराला ठरावीक मुदतीचा, नोंदणीकृत कामाचा परवाना मिळावा. त्याला किमान वेतन देणे मालकावर बंधनकारक व्हावे आणि बेकायदा राबवून घेणाऱ्या मालकास शिक्षा व्हावी, म्हणजे स्थानिक मजुराची मजुरी पाडण्याचे हत्यारच मालकाच्या हातून जाईल. सीमेवरचे हाट वाढवावेत. तारेपलीकडे जमीन गेलेल्या शेतकऱ्याला पूर्ण भरपाई मिळावी. न्यायालयासमोर उभे केल्याखेरीज एकाही माणसाला सीमेपलीकडे ढकलता कामा नये. जवानांना माणसाप्रमाणे कामाचे तास आणि रजा मिळाव्यात. बंदरांची आणि शासनयंत्रणेची छिद्रे आधी बुजवावीत.

पण मागण्या दिल्लीत करायच्या आणि काम गावात करायचे, ही चळवळीची जुनी रीत आहे. येत्या हंगामात कळसाडीतून आणि आसपासच्या गावांतून कोणती कुटुंबे कोठे जाणार, मुकादम कोण, उचल किती, दर काय ठरला, याची वही कार्यकर्त्यांनी ग्रामपंचायतीत बसून तयार करावी. प्रत्येक कुटुंबाच्या कागदपत्रांची एक प्रत गावात राहावी. परराज्यातील ठाण्यात कोणी अडकला तर येथून कोणी निघायचे, हे आधीच ठरलेले असावे. आणि शहाद्याच्या वा नंदुरबारच्या बाजारात उद्या कोणी बंगाली फेरीवाला केवळ बोलीवरून पकडला गेला, तर त्याच्यासाठीही हीच माणसे ठाण्यावर गेली पाहिजेत. ऊसतोडीला गेलेल्या भिल्लाचा पक्ष घ्यायचा आणि भंगार वेचणाऱ्या बंगाल्याकडे पाठ फिरवायची, हे दोन्ही एकाच वेळी साधणार नाही.

शेताला बांध असावा, राष्ट्राला सीमा असावी. याबद्दल वाद नाही. वाद आहे तो शेतात राबणाऱ्याला चोर ठरवणाऱ्या कुंपणाशी. मिठाच्या काट्यांचे जे झाले तेच याही तारेचे होणार आहे. मात्र ती गंजून पडेपर्यंत किती माणसे तिच्यात अडकू द्यायची, हे तुमच्या-आमच्या गप्प बसण्यावर अवलंबून आहे.